शीतलचा तारा बघायला नगरला गेले, त्याची हकिकत

आधीच सांगते, माझं शुद्धलेखन धड नाही आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. चौथी झाली आणि शाळा सुटली, त्याला आता चाळीस वर्षं होतील. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. वाचणारं आहे कोण म्हणा! ही वही मी पत्र्याच्या पेटीत साड्यांच्या खाली ठेवते. पण आमच्या वाडीतली एकही बाई असलं काही बघून आलेली नाही, आणि तोंडानं सांगायला गेले तर चार माणसांत माझा घसा बंद होतो. म्हणून लिहिते.

शीतल माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा ती दोन वर्षांची होती. बारावी होईपर्यंत माझ्याकडंच वाढली. आता ती नगरच्या एका कॉलेजात मॅडमच्या हाताखाली ताऱ्यांवर संशोधन करते. गेल्या उन्हाळ्यात तिला एका फुटलेल्या ताऱ्याच्या धुराळ्यात काहीतरी ठोके देतंय असं सापडलं. ते त्या धुराळ्यात जन्मलेलं बाळ आहे, की दुसराच कुणी म्हातारा तारा वाटेत आडवा आलाय, हे सहा महिन्यांनी दुसरी नोंद आल्यावर ठरणार होतं. तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या दाजींनी, तिच्यासाठी एका शाळेत नोकरी बघून ठेवली होती. महिनाअखेरपर्यंत काही हाती लागलं नाही तर तारे सोडायचे आणि शाळेत रुजू व्हायचं, असं तिनं त्यांना कबूल केलं होतं.

मग तिचा फोन आला. "मावशी, नोंद आलीय. एकटीनं उघडायची भीती वाटतीय. तू ये."

मंगळवार, राजूर ते नगर

सकाळच्या पहिल्या गाडीनं निघाले. बरोबर घरचा इंद्रायणी तांदूळ, पंधरा किलो. प्रवासात पैसे मारतात असं ऐकून होते, म्हणून दोन हजार रुपये पिशवीत गुंडाळून तांदळाच्या मधोमध पुरले आणि पोत्याचं तोंड दाभणानं शिवून टाकलं. स्वतःच्या हुशारीचं मला फार कौतुक वाटलं. कनवटीला सुटे ठेवले होते ते संगमनेरपर्यंत पुरले. तिथं गाडी बदलली. कंडक्टरनं पोतं मागच्या डिकीत टाकलं, त्यावर कुणाच्या तरी कांद्याच्या गोण्या पडल्या, दार लागलं, आणि गाडी सुटल्यावर मला पैसे आठवले.

"मावशी, कुठं?"

"नगर."

"एक अर्धं. द्या पैसे."

मी कनवटीला हात घातला. कंडक्टरनं पुन्हा विचारलं. मी म्हणाले, "डिकीत हायेत."

"काय डिकीत?"

"पैसे. तांदळात."

सगळी गाडी हसली. मला वाटलं सीटखाली जाऊन बसावं. तेवढ्यात शेजारची म्हातारी कडाडली, "ए बाबा, हसतो काय? दे हिचं तिकीट, मी देते. बायांना अर्धंच हाय, त्या अर्ध्याला किती दात काढशील!"

तिचं नाव हौसाबाई. कपाळाला रुपयाएवढं कुंकू, आवाज बैलाला थांबवील असा. गाव पाथर्डीकडचं. दर शुक्रवारी घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात ती कासरे, म्होरक्या आणि घुंगरमाळा विकते. संगमनेरला लेकीकडं आली होती.

"एवढा तांदूळ घेऊन कुठं चाललीस?"

"भाचीकडं. ती तारे शोधती."

"जोतिष बघती?"

"न्हाई. एक्स-रेनं शोधती."

हौसाबाईंनी गुडघा चोळला. "माझ्या गुडघ्याचा काढलाय एक्स-रे. आत झीज हाय म्हनले. ताऱ्याला काय झालंय?"

"फुटलाय."

"मग त्याला काय बघायचं राहिलं?"

मलाही ते नीट माहीत नव्हतं. शीतलनं फोनवर सांगितलेलं मी जमेल तसं सांगितलं. नोकरीचं आणि महिनाअखेरचंही सांगितलं. त्या म्हणाल्या, "पोरीनं बापाला बी जबान दिलीय आन् ताऱ्याला बी. लई अवघड हाय."

लोणी गाव मागं पडलं आणि समोरून उसाच्या बैलगाड्या यायला लागल्या. कारखान्याकडं निघालेल्या, एकीमागं एक, मध्ये सारखं अंतर राखून. आमच्या डोंगरात ऊस नाही, एवढ्या गाड्या मी कधी बघितल्या नव्हत्या. हौसाबाई बैलांच्या गळ्यातल्या माळा बघून सांगायच्या, ही माझ्याकडची, ही न्हाई, ही हलक्या पितळेची. एक गाडी मागं जाते न जाते तोच दुसरी पुढं.

कोल्हारच्या अलीकडं आमच्याच गाडीचा पट्टा तुटला. तासभर रस्त्याकडेला बसलो. हौसाबाईंनी चहा आणि कांदाभजी घेतली, मला नको म्हणता येईना. बैलगाड्या येतच होत्या, पण आता एक गेली की दुसरीची वाट बघत बसावं लागे.

"बघ," हौसाबाई म्हणाल्या, "आपली गाडी बसली तशी ह्यांची बी सुस्तावली."

"त्या हुत्या तशाच हायेत," मी म्हणाले. "आपन त्यांच्या अंगावर धावत हुतो म्हनून लवकर लवकर भेटत हुत्या. आता आपन उभे हाय."

परक्या माणसाशी एवढं लांब बोलले याचं माझं मलाच नवल वाटलं.

नगरच्या स्टँडवर पोतं उतरलं. मी तिथंच शिवण उसवायला बसले, तर त्यांनी माझा हात धरला. "रस्त्यात तांदूळ सांडतीस का? घरी जाऊन उसव." वर रिक्षाला पैसे दिले. तिकीट, चहा, भजी, रिक्षा मिळून माझ्या हिशेबानं दोनशे ऐंशी झाले होते. त्या म्हणाल्या, "तीनशे धर. वीस तुझ्या लाजंचे."

"कधी देऊ?"

"शुक्रवारी घोडेगावला ये. पन तारा गावला तरच दे. न्हाई गावला तर पोरीला माझ्याकडनं खाऊ समज."

बुधवार, नगर

नगरचं पाणी जड आहे. डाळ चुलीवर नव्हे, गॅसवर कुकरात ठेवली तरी दाणा दाणा वेगळा राहिला. इथं थंडीत सगळीकडं बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. भाताला हे लोक शेवटी चव पालटायला खातात. आमच्याकडं भात झाला नाही तर जेवण झालं असं कुणी म्हणत नाही. शीतलच्या खोलीच्या मालकीणबाईंनी माझा तांदूळ हुंगून बघितला आणि एक वाटी मागून नेली. तांदूळ उपसून पैसे काढले तेव्हा शीतल हसून हसून पडली. नंतर कितीतरी वेळ ती हसली नाही.

तारे रात्री बघतात, म्हणून मी स्वेटर, कानटोपी सगळं आणलं होतं. ती मला सकाळी दहा वाजता घेऊन गेली. मला वाटलं मोठी दुर्बीण असेल. तिथं एक लहान खोली, दोन कॉम्प्युटर, आणि खिडकीबाहेर पोरांच्या मोटारसायकली.

"दुर्बीण कुठं हाय?"

"वर. पृथ्वीभोवती फिरतीय. हे एक्स-रे किरण हवेतून खाली येतच नाहीत मावशी. हवा अडवती, म्हणून तर आपण जिवंत आहोत."

मग तिनं ते चित्र दाखवलं.

ते कसं सांगू? काळ्याभोर पडद्यावर एक मोठं फाटकं वर्तुळ. कडेला निळं, आत तांबूस, हिरवट, कुठं धाग्यासारखं, कुठं चुलीतल्या राखेवर फुंकर मारल्यावर उडतं तसं. मी हात पुढं केला आणि मागं घेतला. शीतल म्हणाली, रंग आम्ही दिलेत, खरे किरण डोळ्याला दिसत नाहीत. पण आकार खरा. एक तारा फुटला आणि त्याच्या चिंध्या अजून बाहेर धावताहेत. त्या इतक्या तापलेल्या आहेत की त्यांच्यातून एक्स-रे निघतात.

माझं मनगट मोडलं होतं तेव्हा संगमनेरला माझाही एक्स-रे काढला होता. तिथं मशीन किरण सोडतं आणि आपण हात धरायचा. इथं कुणी किरण सोडत नाही. ताराच सोडतो, आणि हजारो वर्षं चालत येऊन त्यातला एखादा दुर्बिणीत पडतो. शीतल म्हणाली, पडेल त्या प्रत्येक किरणाची वेळ लिहून ठेवतात. प्रत्येकाची. आमच्या दूधडेरीत लिटराची नोंद दिवसातून दोनदा चुकते.

वर्तुळाच्या मध्याजवळ एक ठिपका होता, मोहरीएवढा. "हा," ती म्हणाली. "तारा फुटताना त्याचं काळीज आत दाबलं जातं. राजूरपासून आपल्या तालुक्याच्या अकोल्यापर्यंत जेवढं अंतर, वीस-बावीस किलोमीटर, तेवढाच गोळा उरतो, पण सूर्यापेक्षा जड. आणि तो फिरतो. दर फेरीला त्याचा झोत आपल्यावरून जातो, तो एक ठोका. हा एका सेकंदात वीस वेळा फिरतोय."

मी डोळे मिटून एक सेकंद मोजायचा प्रयत्न केला. त्यात वीस फेऱ्या बसवता येईनात. एवढं जड काहीतरी, एवढ्या वेगानं, आणि आवाज नाही, कुणी बघत नाही.

"एवढे किरण येतात त्यात ठोका कसा कळतो?"

तिनं कागदाची लांब पट्टी घेतली. त्यावर नुसते ठिपके, काही ताल नाही. मग ती पट्टीला घड्या घालायला लागली, निऱ्या घालतात तशा. एका मापानं घातल्या, ठिपके विखुरलेले. जरा रुंद घातल्या, तसंच. तिसऱ्या मापाला ठिपके एकावर एक येऊन बसले. साडीच्या निरीचं माप बरोबर जमलं की काठावरच्या कुयऱ्या एका ओळीत येतात ना, अगदी तसं. कॉम्प्युटर अशा लाखो निऱ्या घालून बघतो. जी निरी जमते तो ताऱ्याचा ठोका.

"आणि वय?"

"तान्हा असेल तर तो दमतो. लवकर मंदावतो. म्हातारा वर्षानुवर्षं एकाच चालीनं फिरतो. सहा महिन्यांत हा मंदावला असेल तर या धुराळ्याचाच. चाल तेवढीच असेल तर हे बाळ इथलं नव्हे."

हे मला लगेच कळलं. आमच्याकडं अजून पोह्याला भात उखळात कांडतात. घरात बसून मुसळाच्या आवाजावरून मी सांगू शकते, कांडणारी आत्ता लागलीय की कधीची लागलीय. नुकती लागलेली जोरात असते आणि घटकेत उतरते. सवयीची बाई सकाळपासून संध्याकाळपर्यंत एका चालीनं कांडते.

दुपारी तिनं दुसरी नोंद उघडली. मी तिच्यामागं उभी होते. कॉम्प्युटरनं निऱ्या घातल्या. पडद्यावर एक उंचवटा आला, खाली आकडा. शीतलनं उन्हाळ्यातला आकडा शेजारी मांडला. दोन्ही जवळजवळ एकच.

मी आकड्याकडं बघितलं, मग तिच्या मानेकडं. लहानपणी ताप आला की तिची मान अशीच ताठ व्हायची.

संध्याकाळी मी तांदूळ निवडत बसले आणि तिचं मन रमावं म्हणून प्रवासाचं सगळं सांगितलं. डिकी, भजी, हौसाबाई, उसाच्या गाड्या कशा भराभर येत होत्या आणि आम्ही थांबल्यावर कशा उशिरानं यायला लागल्या. ती "हं" म्हणाली. मग वडिलांना फोन लावला आणि सांगितलं, "दादा, शाळेत कळवा. मी येते."

गुरुवार, नगर

मॅडम गावाला गेल्या होत्या, त्या सकाळी आल्या. पन्नाशीच्या, सुती साडी, केस आखूड. मला बघून म्हणाल्या, "तुम्हीच मावशी ना? बसा." मी दाराजवळच्या स्टुलावर टेकले. शीतलनं कागद पुढं केला आणि म्हणाली, "नाही मॅडम. मंदावलेला नाही. मी घरी सांगून टाकलं."

मॅडमनी चष्मा लावला. कागद वाचला. कॉम्प्युटरवर काहीतरी उघडलं, पुन्हा कागद वाचला.

"शीतल, ही फाईल कोणती घेतलीस?"

"कालच आलेली."

"आलेली तशीच? पृथ्वीची चाल वजा कुठं केलीस?"

बाहेर कुणीतरी मोटारसायकलला किक मारत होतं, ती लागत नव्हती.

"केली होती ना," शीतल म्हणाली. मग म्हणाली, "उन्हाळ्यातल्या फाईलला केली होती." मग तिनं दोन्ही हात तोंडावर धरले.

मॅडम माझ्याकडं वळून सांगायला लागल्या. मला सांगायचं त्यांना काही कारण नव्हतं, पण सांगितलं. पृथ्वी सूर्याभोवती धावते. वर्षातून काही महिने ती या ताऱ्याच्या दिशेनं धावते, काही महिने उलट्या दिशेनं. आपण त्याच्याकडं धावत असलो की ठोके लवकर लवकर भेटतात. म्हणून आधी आपलं धावणं हिशेबातून काढावं लागतं, जणू आपण सूर्यापाशी स्वस्थ बसून मोजतोय. या महिन्यात आपण त्याच्याकडं निघालोय. तो मंदावला असेल, तरी आपल्या धावण्यानं ते झाकलं गेलं.

शीतल एकदम म्हणाली, "मावशी काल हेच सांगत होती. उसाच्या गाड्यांचं. आणि मी हं म्हणाले."

मॅडमनी विचारलं, "कसल्या गाड्या?" मी शीतलला खूण केली. शीतलनंच सांगितलं. मी काही शोधलं नाही, हे इथं लिहून ठेवते. मी गाडी बंद पडली म्हणून रस्त्यावर बसले होते. पण एक गोष्ट तेव्हापासून डोक्यातून जात नाही. आपण उंबऱ्यावर बसून भाकरी खातो तेव्हाही आपल्याला घेऊन कुणीतरी एवढं धावतंय, की फुटलेल्या ताऱ्याचा ठोका बदलून कानी येतो. आणि माणसानं ते घरात बसून ओळखलं, तो ते वजाही करायला शिकला.

शीतलनं पृथ्वीची चाल वजा केली. दोनदा चुकीचं बटण दाबलं. पुन्हा निऱ्या. पुन्हा उंचवटा, कालच्यापेक्षा उंच, सुईसारखा. खाली आकडा. तिनं दोन्ही आकडे मोठ्यानं वाचले. पहिले चार आकडे सारखे. मग वेगळे.

"मंदावलाय," मॅडम म्हणाल्या.

किती, तर एका फेरीमागं सेकंदाचे दहा लाख भाग केले त्यातले पाच. एवढ्यावरून त्यांनी कागदावर वय काढलं. दोन-अडीच हजार वर्षं. शीतल म्हणाली, "ताऱ्यांत म्हणजे अजून बारसं न झालेलं."

मी त्या ठिपक्याकडं बघितलं. काल मोहरीएवढा होता, आजही तेवढाच. तरी मला वाटलं, तो आपल्या आईच्या चिंध्यांत गुंडाळलेला आहे आणि ती अजून त्याच्याभोवती पसरतच चालली आहे. मी पदर डोळ्यांना लावला. मॅडमनी बघितलं नाही असं केलं.

मग त्या कडक आवाजात म्हणाल्या, "नाचू नका. दोन नोंदी म्हणजे अर्धं काम. दुसऱ्या दुर्बिणीनं, दुसऱ्या माणसांनी तपासू दे. तोवर सापडला म्हणायचं नाही." आणि शीतलच्या वडिलांना स्वतः फोन लावला. बोलणं बरंच झालं. शेवटी दाजींनी शाळेकडून जूनपर्यंतची मुदत मागून घ्यायचं कबूल केलं.

शुक्रवार, घोडेगाव

शीतलला घेऊन मी घोडेगावला गेले. रस्त्यापर्यंत बाजार आला होता. म्हशी, गाई, बैलांची शिंगं रंगवलेली, धूळ इतकी की ऊन पिवळं दिसत होतं. हौसाबाई कासऱ्यांच्या ढिगाआड बसल्या होत्या.

"आली का तांदूळवाली! गावला?"

मी तीनशे रुपये पुढं केले. शीतलनं मॅडमचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, अर्धं काम झालंय म्हणून.

"मग अर्धंच दे," हौसाबाई म्हणाल्या. मी पुष्कळ आग्रह केला. त्या शेजारच्या गिऱ्हाइकाला म्हणाल्या, "बघा पाव्हणं, पोरगी खरं बोलती आन् मावशी पैशे कोंबती." त्यांनी दीडशे मोजून घेतले, दीडशे माझ्या हातात दाबले. मग शीतलला जवळ बसवून विचारलं, "एका घटकंत किती येढे घालतो गं तो?" शीतलनं सांगितल्यावर त्यांनी हातातली घुंगरमाळ एकदा हलवली, आवाज विरेपर्यंत ऐकला आणि म्हणाल्या, "आन् दावं तुटत न्हाई त्याचं!"

पुन्हा घोडेगाव

वरचं लिहून ठेवल्याला पाच महिने झाले. मे महिन्यात शीतलचा फोन आला. परदेशातल्या माणसांनी दुसऱ्या दुर्बिणीनं बघितलं. ठोका तोच, आणखी मंदावलेला, जेवढा मंदावायला हवा होता तेवढाच. शाळेला तिनं नकार कळवला. दाजींनी मला फोन करून विचारलं, "ते नेमकं काय सापडलंय तिला?" मी त्यांना सांगितलं. सगळं, न अडखळता.

शुक्रवार उजाडेपर्यंत मला धीर निघेना. गुरुवारीच निघाले, नगरला शीतलकडं मुक्काम केला आणि सकाळी एकटीच घोडेगावला गेले. या खेपेला पैसे कनवटीला होते. ऊन असं होतं की जनावरंसुद्धा ओरडत नव्हती. हौसाबाईंनी मला लांबूनच ओळखलं.

"बोल."

"गावला," मी म्हणाले.

"मोठ्यानं सांग. मला हल्ली कमी ऐकू येतं."

त्यांना चांगलं ऐकू येतं. पण आजूबाजूचे चार-पाच व्यापारी, एक म्हैस घेणारा आणि त्याची बायको आमच्याकडं वळले होते. मी पदर सारखा केला आणि मोठ्यानं सांगितलं. तारा फुटला तेव्हा त्याचं काळीज उरलं, ते अजून धुराळ्यात फिरतंय, सेकंदाला वीस वेळा, आणि ते माझ्या भाचीनं शोधलं. म्हैसवाल्याच्या बायकोनं विचारलं, "आत्ता बी फिरतंय?" मी म्हणाले, "आत्ता बी."

तिनं वर बघितलं. उन्हात काही दिसत नव्हतं, तरी आम्ही सगळ्यांनीच बघितलं.

मग मी उरलेले दीडशे रुपये हौसाबाईंच्या हातावर ठेवले. त्यांनी ते कपाळाला लावून कनवटीला खोचले. पुरे तीनशे फिटले.